मेण, मुठेल आणि ओठ

बिटाचा रस, मध, लिंबू आणि गुलाबपाणी. घरगुती लिप बामच्या कुठल्याही चार कृती वाचा, यातलं एक तरी त्यांत सापडेल. आणि या चारांपैकी एकाचंही लिप बाममध्ये काम नाही. बीट, मध आणि गुलाबपाणी ही पाण्याची मंडळी. लिप बाम हा निव्वळ तेला-मेणाचा कारभार. त्यात पाणी शिरलं की ते खाली साचतं आणि कालांतराने तिथे बुरशी धरते. लिंबाचं प्रकरण वेगळं आहे, त्याकडे पुढे येऊ. आधी ओठांकडे बघू, कारण ओठांना काय हवंय हे न कळताच बहुतेक कृती लिहिलेल्या असतात.

गालाला, कपाळाला, हाताला स्वतःचं तेल असतं. केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी ते पाझरत राहतात आणि त्वचेवर एक पातळ स्निग्ध पापुद्रा कायम राहतो. ओठांच्या लाल भागावर केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत आणि तैलग्रंथीही जवळपास नाहीतच. शिवाय त्वचेचा सगळ्यांत वरचा मृत पेशींचा थर चेहऱ्यावर पंधरा-सोळा पेशींइतका जाड असू शकतो, तो ओठांवर जेमतेम तीन ते पाच पेशींचा असतो. ओठ लाल दिसतात ते याच पातळपणामुळे. खालच्या केशवाहिन्यांतलं रक्त आरपार दिसतं. जिथून रक्ताचा रंग एवढा सहज बाहेर येतो, तिथून पाणीही सहज निसटतं. हिवाळ्यात पुण्या-नाशकाची हवा कोरडी झाली, की बाहेरची हवा ओठांतलं पाणी खेचून घेते, वरचा थर आकसतो, ताणला जातो आणि तडकतो.

मग आपण हमखास करू नये तेच करतो, म्हणजे ओठांवरून जीभ फिरवतो. दोन मिनिटं बरं वाटतं. पण लाळ उडून जाताना ओठांतलं पाणीही सोबत नेते, आणि लाळेतली पाचक द्रव्यं त्या पातळ थरावर आपला परिणाम करतात ती वेगळीच. सारखी जीभ फिरवणाऱ्या मुलांच्या ओठांभोवती लालसर, खरखरीत कडं उमटतं, ते यातूनच. झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्यांचे ओठ सकाळी पापड्या धरतात, त्याचंही कारण असंच उडून जाणारं पाणी.

अशा ओठांना बाहेरून काही खाऊ-पिऊ घालता येत नाही. ‘पोषण देणारा’ हा शब्द डब्यांवर छान दिसतो, पण लिप बामचं खरं काम झाकणाचं आहे. आतलं पाणी आत ठेवायचं, बस. म्हणूनच तो कोरड्याठाक ओठांवर चोपडण्यापेक्षा पाणी प्यायल्यावर किंवा तोंड धुतल्यावर, ओठ किंचित ओलसर असताना लावला तर जास्त उपयोगी पडतो. दुसरं छोटं काम म्हणजे सुटलेल्या पापुद्र्यांच्या फटींत तेल शिरून खरखर कमी होते. एवढी दोनच कामं नीट झाली तर बाम उत्तम.

झाकण म्हणून व्हॅसलीनला तोड नाही, हे इथेच सांगून टाकतो. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने पेन्सिल्वेनियाच्या तेलविहिरींवर पंपांच्या दांड्यांना चिकटणारा मेणचट गाळ शुद्ध करून 1872 साली त्याचं पेटंट घेतलं. ते स्वस्त आहे, खवट होत नाही आणि क्वचितच कुणाला त्याची अ‍ॅलर्जी येते. घरचा बाम व्हॅसलीनपेक्षा ‘गुणकारी’ असतो म्हणून करायचा, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. घरी करायचा तो आत काय आहे हे आपल्याला माहीत असावं म्हणून, आपल्या नाकाला आणि जिभेला मानवेल असा व्हावा म्हणून, आपल्या गावच्या उन्हाला पुरून उरेल असा बेतता येतो म्हणून. आणि मेण-तेलाशी खेळण्यात मजा आहे म्हणूनही.

हा खेळ नवा नाही. ‘रसतरंगिणी’त सिक्थतैल आहे: एक भाग मेण आणि पाच-सहा भाग तिळाचं तेल, दोन्ही एकत्र वितळवायची आणि थंड होईपर्यंत ढवळायची. आयुर्वेदातल्या कितीतरी मलमांचा तो पाया आहे. मराठी घरांत मेण याहूनही जवळ होतं. फणेरपेटीत फणी, आरसा, कुंकवाचा करंडा आणि शेजारी मेणाची इवलीशी डबी. कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायचं आणि मग त्यावर कुंकू, म्हणजे घामाने ते ओघळत नाही. नुसतं मेण बोटाला लागत नाही, म्हणून त्यात थोडं खोबरेल घालून ते मऊ केलेलं असे. मेण आणि खोबरेल, म्हणजे लिप बामची अर्धी कृती झालीच. त्या डबीतलं मेण कुणी ओठांनाही लावलं असेल तर नवल नाही. मात्र ओठांसाठी घरोघर हाताशी असायचं ते लोणी किंवा तूप, आणि रात्री झोपताना नाभीत तेलाचा थेंब सोडण्याची आजीची आज्ञा. नाभीतलं तेल ओठांपर्यंत पोहोचत नाही. आजीला हे सांगायला जाऊ नये. तुपाच्या बाबतीत तिचं बरोबरच होतं.

बाजारातली कांडीसुद्धा एका स्वयंपाकघरातूनच निघाली. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावच्या डॉ. चार्ल्स ब्राउन फ्लीट यांनी 1880च्या दशकात ओठांसाठी मेणबत्तीसारखी, पण बिनवातीची कांडी केली आणि वर्खात गुंडाळून विकायला ठेवली. ती फारशी खपली नाही. 1912 साली गावातल्याच जॉन मॉर्टन यांनी तिचे हक्क अवघ्या पाच डॉलरना घेतले. मॉर्टनबाई घरच्या चुलीवर गुलाबी मिश्रण वितळवत, पितळी नळ्यांत ओतून गार करत आणि कांड्या कापत. ‘चॅपस्टिक’चा जगभरचा पसारा तिथून सुरू झाला.

आता सामान. मेण म्हणजे मधमाश्यांचं मेण; मेणबत्तीचं पॅराफिन वेगळं, ते खनिज तेलातून येतं. कामकरी माशी साधारण बारा ते अठरा दिवसांची असताना तिच्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेण पाझरतं आणि हवेला लागताच अभ्रकासारखे पारदर्शक पापुद्रे होऊन गोठतं. माशी ते पायाने ओढून जबड्यात चावते, तेव्हा ते अपारदर्शक आणि लवचीक होतं, आणि मग पोळ्याला लावलं जातं. एक ग्रॅम मेणाला असे हजाराच्या आसपास पापुद्रे लागतात. महाबळेश्वरच्या बाजूला पेटीत पाळतात ती सातेरी. तिथलं मांघर 2022 साली राज्यातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पेटीतल्या पोळ्यातून मध यंत्राने फिरवून काढतात आणि पोळं परत माश्यांना देतात, त्यामुळे मेण मिळतं ते फक्त मधाच्या घरांवरच्या टोप्यांचं, म्हणजे थोडकं. आपल्या बाजारात मेण जास्त येतं ते आग्या मोहोळाचं, झाडांवरून आणि कड्यांवरून उतरवलेल्या अख्ख्या पोळ्यांचं.

शुद्ध मेण ओळखायला नाक पुरतं. त्याला मधाचा, किंचित धुरकट वास येतो. ढेप मोडली तर तुटलेली कड दाणेदार, खडबडीत दिसते आणि तुकडा बोटांत मळला की हळूहळू मऊ होतो, पण चिकटत नाही. पॅराफिन घातलेलं मेण गुळगुळीत, निसरडं, अर्धपारदर्शक आणि बिनवासाचं वाटतं. जुन्या मेणावर पांढुरकी भुकटी धरते, तिला बुरशी समजून घाबरू नका. ऊब लागली की ती नाहीशी होते. मधवाल्याकडून काळपट, न गाळलेलं मेण आणलं असेल तर एका जुन्या पातेल्यात पाणी गरम करून त्यात वितळवावं, जुन्या सुती कापडातून गाळावं आणि तसंच राहू द्यावं. मेण पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे सकाळी वर पिवळी थाळी तरंगत असते आणि तिच्या बुडाला चोथा चिकटलेला असतो. तो सुरीने खरवडून टाकायचा. पातेलं आणि कापड यानंतर स्वयंपाकाला परत जाणार नाही, हे घरात आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मेण 62 ते 65 अंश सेल्सियसला वितळतं, खोबरेल 24-25 अंशांना. लिप बामचं सगळं कौशल्य या दोन आकड्यांच्या मधे आहे. कांडी पर्समध्ये घट्ट राहिली पाहिजे आणि ओठांवर फिरवताच सुटली पाहिजे. थंड देशांतल्या कृतींत खोबरेलाचा भरणा मोठा असतो, कारण तिथे ते वर्षातले कितीतरी महिने घट्ट असतं. आपल्याकडे डिसेंबरात ते बाटलीत गोठतं आणि फेब्रुवारी संपता संपता त्याचं पाणी होतं. ती परदेशी कृती जशीच्या तशी करून मे महिन्यात चंद्रपूरला गेलात, तर डबीत तेल आणि पिशवीला डाग, एवढंच उरतं.

इथे कोकण मदतीला येतं. कोकमाच्या बीचं तेल, ज्याला सिंधुदुर्गात मुठेल आणि गोव्याकडे भिरंडेल म्हणतात, ते तेल असूनही भर उन्हाळ्यात घट्ट असतं. 38 ते 42 अंशांच्या दरम्यान ते वितळतं. त्यातलं जवळपास सगळं काही दोन मेदाम्लांचं असतं, स्टिअरिक आणि ओलिइक, आणि त्यांची बांधणी इतकी नियमित असते की सगळे रेणू जवळपास एकाच तापमानाला सुटतात. लोण्यासारखं ते आधी लिबलिबीत होत नाही. नखाने टोकरलं तर त्याचा कपचा उडतो.

ते निघतं कसं, हे बघण्यासारखं आहे. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरवतात. आमसुलासाठी सालं काढली की मागे गरात लडबडलेल्या बिया उरतात. त्या धुऊन, चोळून उन्हात वाळवायच्या आणि ठेवून द्यायच्या. पुढे सवड मिळेल तेव्हा बिया फोडून टरफलं पाखडायची, आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळत ठेवायचा. पाणी आधी गढूळ होतं, मग कडेने तेलाचे बारीक डोळे दिसू लागतात, मग ते एकमेकांत मिसळून वर एक तवंग धरतो. तो पळीने अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घ्यायचा. गार होऊ लागला, की तो आधी धुरकट होतो आणि नंतर पिवळसर-राखाडी, घट्ट. कोमट असतानाच हाताने दाबून त्याचे अंड्याएवढे लांबट गोळे वळतात. त्यावर बोटांचे वळ तसेच राहतात. वाळलेल्या बीच्या वजनाचा जेमतेम पाव भाग तेल हाती येतं. हा गोळा मग वर्षभर घरात असतो. टाचेला भेग पडली, की गोळ्याचा तुकडा पळीत गरम करून भेगेत सोडतात. ओठांसाठीही तोच.

बाजारात ‘कोकम बटर’ म्हणून मिळतं ते बहुधा शुद्ध केलेलं, पांढरंशुभ्र, बिनवासाचं. गावच्या मुठेलाला स्वतःचा वास असतो, काहींना आवडतो, काहींना अजिबात नाही. बामसाठी दोन्ही चालतात. मुठेल जुनं असेल तर आधी हुंगून बघा. खवट मुठेलाने सगळा बाम खवट होतो आणि वर काहीही घातलं तरी तो वास दबत नाही.

मुठेलाची अडचण एकच. ओठांचं तापमान 34-35 अंशांच्या आसपास, म्हणजे मुठेल ओठांवर आपण होऊन वितळत नाही. नुसता गोळा ओठांवर फिरवला तर खडू फिरवल्यागत घसरतो. म्हणून त्याला पातळ तेलाची सोबत लागते. खोबरेल किंवा तिळाचं तेल पसरायला, आणि थोडं एरंडेल चकाकीला. एरंडेल दाट असतं, ओठांवर टिकून राहतं आणि लिपस्टिकवाले त्याचा वापर फार पूर्वीपासून करत आले आहेत. पोट साफ करणारं तेल ओठांवर कसं, ही शंका साहजिक आहे, पण बामबरोबर पोटात जाणारा अंश इतका क्षुल्लक की त्याची काळजी नको. बदाम तेल महाग आणि त्याचा वेगळा फायदा इथे काही नाही. जवसाचं तेल मात्र घेऊच नका, ते फार लवकर खवट होतं.

साधारण 50 ग्रॅम बामचं प्रमाण असं. मेण 10 ग्रॅम, मुठेल 12, खोबरेल 18 आणि एरंडेल 10. यातून पाच-पाच ग्रॅमच्या दहा डब्या भरतात. हे प्रमाण मुंबई, पुणे, कोकणात वर्षभर चालेल असं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी मेण 12 आणि मुठेल 13 करा, खोबरेलाऐवजी तिळाचं तेल 15 घ्या, एरंडेल तेवढंच. थंडीसाठी उलट जा: मेण 8, मुठेल 10, तेल 22. बेचाळीस अंशांच्या दुपारी मुठेलसुद्धा पातळ होतं, तेव्हा बामला धरून ठेवतं ते मेण. गार होताना मेणाच्या बारीक स्फटिकांचं जाळं तयार होतं आणि तेल त्या जाळ्यात अडकून राहतं. मुठेल सुटलं तरी जाळं शाबूत असतं. म्हणून उष्ण भागात मेणात काटकसर करू नये. फिरवायच्या कांडीसाठी मेण एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शापर्यंत न्यावं लागतं, डबीसाठी पाचवा हिस्सा पुरतो. चमच्यांनी मोजू नका. किसलेल्या मेणाचा एक चमचा आणि वितळलेल्या मेणाचा एक चमचा यांच्या वजनात मोठी तफावत असते. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा.

मेण थेट आचेवर ठेवायचं नाही. ते उकळत नाही, तापत जातं आणि पुरेसं तापलं की पेट घेतं. पातेल्यात पाणी उकळत ठेवा, आत जाळी किंवा छोटी ताटली ठेवून तिच्यावर स्टीलची वाटी. मंद आच. वाटीत आधी मेण, कारण वितळायला सगळ्यांत वेळ त्यालाच लागतो. ते पारदर्शक सोनेरी झालं, की मुठेल, मग तेलं. तेल पडताच मेणाचे पांढरे कण पुन्हा दिसू लागतील. घाबरायचं कारण नाही, थंड तेलाने ते गोठलं एवढंच. ढवळत राहा, परत निवळेल. निवळलं तरी लगेच उतरवू नका, पंधरा-वीस मिनिटं तसंच गरम राहू द्या. यामागे कारण आहे, ते लवकरच सांगतो. वाफेचं पाणी वाटीत पडणार नाही याकडे लक्ष ठेवा. चमचासुद्धा कोरडाच हवा.

ओतण्याआधी एक थेंब गार ताटलीवर टाका आणि मिनिटभर थांबा. बोट फिरवून बघा. बोटाखाली नुसताच घसरला, तर मेण जास्त, थोडं तेल घाला. लगेच लोळागोळा झाला, तर मेण कमी. ओठांवर लावूनही बघा, कारण बोटापेक्षा ओठ जास्त चोखंदळ. प्रमाणं कागदावर कितीही नेमकी लिहिली तरी प्रत्येक मेणाची आणि प्रत्येक मुठेलाची जात थोडी वेगळी पडते, आणि शेवटचा निकाल या थेंबाचाच.

वाटी उतरवली की ‘ई’ जीवनसत्त्वाची 400 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल टोचून त्यात पिळा. हे सुरकुत्यांसाठी नाही, ओठांसाठीही नाही. ते तेलासाठी आहे. हवेतल्या ऑक्सिजनने तेल खवट होण्याचा वेग त्याने कमी होतो. बुरशी-जंतूंवर त्याचा काही इलाज चालत नाही, हे लक्षात ठेवा; जंतूंना दूर ठेवतो तो पाण्याचा अभाव.

मिश्रण धुऊन पूर्ण वाळवलेल्या काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांत ओता. गोठताना मेण आकसतं, त्यामुळे मधोमध खळगा पडतो. थोडं मिश्रण मागे ठेवून वर ओतलं की तो भरतो. भरलेल्या डब्या झाकण न लावता सरळ फ्रिजमध्ये ठेवा, घट्ट झाल्या की बाहेर काढा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर, वर धरलेले पाण्याचे थेंब टिपून घेऊन, मगच झाकण लावा.

फ्रिजची घाई कशासाठी? मुठेल सावकाश गार झालं तर त्याचे स्फटिक मोठे होतात आणि दोन आठवड्यांत बाम रवाळ लागतो. चॉकलेट उन्हात वितळून पुन्हा गोठलं की त्याचा पोत बिघडतो, त्यामागेही स्निग्धांशाच्या स्फटिकांचाच घोळ असतो. मुठेलात आधीचे सूक्ष्म स्फटिक वितळायचे राहिले असतील, तर नवे त्यांच्याभोवती जमत जाऊन मोठे होतात. म्हणून आधी पुरेसा वेळ गरम ठेवायचं, म्हणजे जुने स्फटिक शिल्लक राहत नाहीत, आणि मग झटकन गार करायचं, म्हणजे नव्यांना वाढायला सवड मिळत नाही. रवाळ झालाच तर बाम वाया गेलेला नाही. तो ओठांवर विरघळतोच, किंवा सगळा पुन्हा वितळवून दुसऱ्यांदा नीट गार करता येतो.

रंग आणि वास या दोन मोहांकडे आता वळू. बिटाचा लाल रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. कितीही ढवळा, तो वाटीच्या तळाशी लाल मोत्यांसारखा बसून राहणार. मधाचंही तेच, तळाशी चिकट थर. तेलात उतरणारा रंग हवा असेल तर शेंदरीच्या बिया चांगल्या. खोबरेलात मंद आचेवर त्या दहा मिनिटं ठेवल्या, की तेल केशरी होतं. गाळून तेच बामला वापरायचं. रतनजोतही तेलाला सुरेख लाल रंग देते, पण त्या नावाखाली बाजारात अनेक वेगवेगळ्या वनस्पतींची मुळं विकली जातात आणि त्यांतल्या काहींत यकृताला अपायकारक अल्कलॉइडं असतात. ओठांवरचं थोडंफार पोटात जातंच, म्हणून मी ती घालत नाही. कुंकू तर कधीच नको. हल्लीच्या कुंकवात काय असेल याचा भरवसा नाही, आणि शेंदरात शिसं असतं.

पुदिना, कापूर, दालचिनी, निलगिरी यांच्या तेलाने ओठांवर जी थंड किंवा झणझणीत जाणीव होते, ती गुणाची खूण वाटते. ती प्रत्यक्षात त्वचेची कुरकुर असते. फाटलेल्या ओठांना त्याने आणखी त्रास होतो, आपण आणखी बाम लावतो, आणि हे चक्र चालू राहतं. दालचिनीच्या तेलाची अ‍ॅलर्जी तर बऱ्यापैकी आढळते. लिंबाचा रस आम्ल असल्याने चिरांत झोंबतो. त्याच्या सालीच्या तेलात तर अशी द्रव्यं असतात की ती लावून उन्हात गेलं, तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. सुगंध हवाच असेल तर व्हॅनिलाची शेंग चिरून तेलात आठवडाभर मुरवा. बाजारातला व्हॅनिला इसेन्स पाण्या-अल्कोहोलचा असतो, तो तेलात मिसळत नाही. माझं मत विचाराल तर मेणाचा वास पुरे आहे.

मेण चालत नसेल त्यांच्यासाठी मेक्सिकोच्या वाळवंटातल्या झुडपापासून मिळणारं कँडेलिला मेण आहे. ते 68 ते 73 अंशांना वितळतं आणि जास्त कडक असतं, म्हणून मधमाशीच्या मेणाच्या निम्म्यानेच घ्यावं. बाम होतो, पण जरा ठिसूळ.

घरचा बाम उन्हापासून वाचवत नाही. खालचा ओठ पुढे आलेला असतो, त्यावर ऊन थेट पडतं, आणि वर्षानुवर्षं शेतात, बोटीवर, रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या खालच्या ओठावर जे कायमचे पांढुरके, खरखरीत चट्टे उमटतात त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. झिंक ऑक्साइडची भुकटी आणून बामात मिसळली की सनस्क्रीन झालं, असं होत नाही. ती सगळीकडे सारखी पसरली का आणि किती ऊन अडवते, हे घरी मोजता येत नाही. उन्हात टोपी, उपरणं, पदर, आणि ओठांसाठी सूर्यरक्षण छापलेली विकतची कांडी. असा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

तोंडाचे फक्त कोपरे फाटत असतील, तर त्यालाही बाम हे उत्तर नाही. तिथे लाळ साचून बुरशीचा संसर्ग होतो, विशेषतः कवळी सैल झालेल्या म्हाताऱ्या माणसांत, किंवा लोह आणि ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वांची कमतरता असते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असल्या की ओठ सोलून निघतातच. तिथे बाम दिवसभर लावावा लागतो आणि तिथे व्हॅसलीन जास्त सोयीचं. टूथपेस्टमधल्या सुगंधाने ओठ फाटणारेही असतात. बाम बदलून बदलून थकलेल्यांनी एकदा पेस्ट बदलून बघावी.

दहा डब्या झाल्या की त्यातल्या नऊ वाटल्या जातात, आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अगं, तू विकत का नाहीस?’ भेट देणं वेगळं आणि विकणं वेगळं. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायची तर 1940च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, आणि 2020च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत जागेपासून लेबलापर्यंतच्या अटी आहेत. बचतगटाच्या प्रदर्शनात चार डब्या मांडतानाही हे ध्यानात असू द्या. भेट देताना चिकटपट्टीवर तारीख आणि आतल्या वस्तू लिहा, विशेषतः तिळाचं तेल. तिळाची अ‍ॅलर्जी असणारी माणसं असतात. आणि एक डबी एकाच माणसाची. सर्दी-ताप आल्यावर ओठांवर पुळ्या उठतात, त्या विषाणूने, आणि बोटावाटे तो डबीत आणि डबीतून दुसऱ्याच्या ओठावर जाऊ शकतो.

सावलीत, झाकण लावून ठेवला तर असा बाम सहा महिने ते वर्षभर टिकतो. रोज हुंगा. मेणाच्या वासाऐवजी जुन्या शेंगदाण्यांचा वास येऊ लागला, की ओठांना लावणं थांबवायचं. टाकून द्यायचं जिवावर येत असेल, तर कोल्हापुरी चपलांना चोळा. मेण आणि एरंडेल दोन्ही चामड्याला मानवतात, आणि खवट वासाचं काय, चपला तशाही दाराबाहेरच राहतात.